डॉक्टरेट कुणाची, नेतृत्व कुणाचे?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्यातल्या एकीचा पीएच.डी.चा अर्ज भरून झालेला असेल. ती एक म्हणजे हे लिहिणारी मीच. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतल्याला बारा वर्षे झाली. आता 'जागतिक नेतृत्व' या विषयात डॉक्टरेट करावी, असे एका मैत्रिणीने सुचवले आणि एका परदेशी अभ्यासक्रमाचे माहितीपत्रकही दिले.

वेवजीच्या बैठकीत मी हे सांगितले. वेवजी म्हणजे तलासरी तालुक्यातले, गुजरातच्या सीमेला खेटलेले गाव. एका वयस्क बाईने विचारले, आमच्याबद्दल तू लिहिणार, डॉक्टर तू होणार, मग आमच्याकडे काय राहणार? सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

कार्यकर्तीने डॉक्टरेट करावी का, हा वाद आम्हाला मान्य नाही. जरूर करावी. बारा वर्षे गावात काढलेल्या बाईचे म्हणणे 'अनुभव' ठरते आणि बारा दिवस येऊन गेलेल्याचे म्हणणे 'अभ्यास', हे आपण किती समित्यांत पाहिले आहे! ज्ञानाचे दार बायकांना सहजी उघडलेले नाही. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमला सोहोनींना केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, आत गेल्या आणि १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. ते दार आपणच पुन्हा लोटून घेण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो 'नेतृत्व' कुठे शोधायचे हा. माहितीपत्रकात नेतृत्व म्हणजे मोठ्या कंपन्या, मोठ्या संस्था, मोठी पदे. आमच्या भागाचा इतिहास वेगळे सांगतो. लग्नासाठी कर्ज काढले म्हणून नवराबायको दोघांनी सावकाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबायचे, ही इथली रीत होती. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरले. गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या. त्या कायद्याच्या पदवीधर; पण त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आले १९७० साली, लढ्यानंतर पंचवीस वर्षांनी, आणि मराठीत. त्याच १९४५ साली जवळच्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार तिथला. १९५७ साली हे काम कोसबाडला गेले. तिथे अनुताई वाघ पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या. आज देशभर 'अंगणवाडी' हा शब्द आहे. याहून जागतिक नेतृत्व ते कोणते?

आणि ज्यांची नावे पुस्तकात नाहीत त्यांचे काय? वारली लग्नात विधी चालवते ती धवलेरी, एक बाई. तिच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. लग्नचौक भिंतीवर लिहितात त्याही सुवासिनी; काढतात नव्हे, लिहितात. १९९३ नंतर राखीव जागांवर आणि २०११ पासून निम्म्या जागांवर ग्रामपंचायतीत बसलेल्या बाया त्यांच्याच लेकी-सुना. त्यांना नेतृत्व शिकवायला निघण्याआधी ते त्यांच्याकडून शिकावे लागेल.

ज्या मैत्रिणी अर्ज करू पाहतात त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते. स्त्रियांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपण व बालसंगोपनाची रजा मिळू शकते. मात्र खाजगी कंपन्या परदेशी संस्थांच्या नावाने घरबसल्या ज्या ऑनलाइन डॉक्टरेट विकतात, त्या मान्य नाहीत, असे आयोगाने त्याच वर्षी बजावले आहे. दागिने मोडून फी भरण्याआधी मान्यता तपासा. प्रबंध मराठीत लिहिता येईल का, हेही विचारा.

मी माहितीपत्रक बाजूला ठेवले आहे. अर्ज इथल्याच विद्यापीठात करते आहे. तीन अटी मी स्वतःला घातल्या आहेत. संशोधनाचा प्रश्न वेवजीच्या बैठकीत ठरेल. ज्या बाया नाव द्या म्हणतील त्यांचे नाव येईल, नको म्हणतील त्यांचे येणार नाही. आणि प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी त्यांच्यासमोर वाचला जाईल; चुकले असेल तिथे त्या थांबवतील.

त्या आजीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर यात नाही, हे कळते. डॉक्टर मीच होणार आहे. पण गावाकडे निदान त्यांचे शब्द तरी राहतील, आणि मला जाब विचारण्याचा हक्क.

तुमच्या गटात कुणी असा अभ्यास केला असेल, किंवा कुणाच्या अभ्यासाचा 'विषय' होऊन तुम्ही हात पोळून घेतले असतील, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

संपादक मंडळाकरिता