दोन विमानतळ, एक मालक आणि मधले 35 किलोमीटर

नवी मुंबईच्या विमानतळाचे 8 ऑक्टोबर 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. 25 डिसेंबर 2025 पासून तेथून देशांतर्गत उड्डाणेही सुरू झाली. कमळाच्या आकाराच्या टर्मिनलचे कौतुक प्रस्थापित माध्यमांनी मन भरेपर्यंत केले. पण सहारहून या नव्या विमानतळावर पोहोचायला किती वेळ लागतो, हा साधा प्रश्न त्या झगमगाटात हरवला.

रस्त्याने हे अंतर 35 ते 40 किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असला तर तासाभरात माणूस पोहोचतो. संध्याकाळी मानखुर्द आणि वाशीच्या खाडीपुलावर गर्दी असली तर दोन तासही पुरत नाहीत. लोकलने जायचे तर अंधेरी, वडाळा, नेरूळ असे डोक्यावर सामान घेऊन गाड्या बदलत तरघरला उतरायचे. (तरघर हे या विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एक. गाव गेले, स्टेशनाच्या पाटीवर नाव तेवढे राहिले.)

मोटार आणि ड्रायव्हर असणाऱ्याला याची झळ नाही. पण नागपूर किंवा औरंगाबादहून परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या मुलामुलींचे काय? बाबासाहेब 1913 साली बोटीने न्यूयॉर्कला गेले. आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर जाणारी, घरातली पहिलीच विमानात बसणारी पिढी दोन जड बॅगा घेऊन निघते. स्वस्त म्हणून दोन वेगळी तिकिटे काढलेली असतात. एक विमान नवी मुंबईत उतरते, दुसरे सहारहून सुटते. पहिले उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी हात वर करते. तिकिटे वेगळी, म्हणून जबाबदारी प्रवाशाची! आखातात मजुरीला जाणाऱ्या कामगाराचेही तेच. ज्या तिकिटासाठी घरच्यांनी कर्ज काढले, ते मानखुर्दच्या सिग्नलवर बुडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाकडे आहेत. दोन्हींत अदानी समूहाचा वाटा 74 टक्के. उरलेले 26 टक्के सहारला विमानतळ प्राधिकरणाचे, तर नवी मुंबईत सिडकोचे, म्हणजे जनतेचेच. विमानतळ शुल्क दोन्हीकडे तिकिटातूनच वसूल होते. मग दोन दारांमधला रस्ता तेवढा प्रवाशाच्या नशिबावर का?

अटल सेतूचे नाव पुढे करू नये. 12 जानेवारी 2024 रोजी तो खुला झाला तेव्हा मोटारीला एकेरी टोल 250 रुपये होता आणि रिक्षा, दुचाकीला त्यावर मज्जावच आहे. शिवाय सहारहून त्यावर चढायला आधी शिवडी गाठावी लागते. दोन्ही विमानतळ जोडणारी सुमारे 35 किलोमीटरची मेट्रो-8 व्हायची तेव्हा होईल. तोपर्यंत दोन्ही टर्मिनलच्या दारातून, रात्रंदिवस, दर अर्ध्या तासाने, एसटीच्या साध्या दरात थेट बस धावली पाहिजे. तिचा तोटा विमानतळ चालवणाऱ्यांनी सोसावा. आणि उड्डाण उशिरा आल्यामुळे दुसऱ्या विमानतळावरचे विमान चुकले, तर पुढच्या विमानात जागा देण्याचे बंधन सरकारने कंपन्यांवर घालावे. विधिमंडळातील आपल्या प्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न मांडावा.