विश्लेषण : बिबट्यासाठी ट्रॅप कॅमेरा लावताय? आधी हे वाचा!

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर. उसाच्या या पट्ट्यात बिबट्या दिसला की पिंजऱ्याबरोबर आता ‘कॅमेरा लावा’ ही मागणीही होते. वन विभाग ट्रॅप कॅमेरे लावतोच, पण हे उपकरण ऑनलाइनही सहज मिळते. मात्र चुकीच्या जागी लावलेला कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा घातक ठरू शकतो. ‘आठ दिवसांत काहीच आले नाही, म्हणजे बिबट्या गेला’ असे गृहीत धरून कोणी पहाटे उसाला पाणी द्यायला जाऊ शकते.

कॅमेरा चालतो कसा?

यात ‘पीआयआर’ सेन्सर असतो. तो प्राणी ‘पाहत’ नाही. समोरच्या पट्ट्यात आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू हलली की तो कॅमेऱ्याला जागे करतो. यातून तीन गोष्टी निघतात. प्राणी कॅमेऱ्यासमोरून आडवा गेला तर सेन्सरला लवकर कळतो. सरळ अंगावर चालत आला तर उशिरा. एप्रिल-मेच्या दुपारी जमीन आणि प्राण्याचे शरीर यांच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, तेव्हा सेन्सर मंदावतो. आणि उन्हात तापलेले पाचट किंवा उसाचे पाते वाऱ्याने हलले तरी फोटो निघतो.

जागा कोणती निवडावी?

उसाच्या फडाच्या मध्यात कॅमेरा लावून उपयोग नाही. बिबट्यालाही मोकळी वाट सोयीची असते. पाणंद, ओढ्याची कड, कालव्याचा रस्ता, दोन फडांमधला बांध येथे ताजे ठसे किंवा विष्ठा दिसते का, ते आधी पाहावे. कॅमेरा वाटेपासून तीन-चार मीटरवर आणि साधारण गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे ४० ते ४५ सेंटीमीटरवर असावा. माणसाच्या छातीच्या उंचीवर लावलेल्या कॅमेऱ्याखालून बिबट्या निसटू शकतो. बछडे तर हमखास.

कॅमेऱ्याचे तोंड पूर्व-पश्चिमेला नको. उगवता-मावळता सूर्य भिंगात शिरतो आणि नेमकी पहाट-संध्याकाळ वाया जाते. उत्तरेकडे तोंड सर्वात चांगले. शेतात जाड झाड नसेल तर जमिनीत घट्ट रोवलेला लोखंडी अँगल वापरावा. वाऱ्याने डुलणाऱ्या बारीक खोडावर कॅमेरा बांधू नये. समोरचे गवत काढावे.

सेटिंगमध्ये काय पाहावे?

तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे पहिले. बिबट्या किती वाजता फिरतो हेच कळणार नसेल तर फोटोचा उपयोग निम्मा होतो. एका वेळी तीन फोटो ठेवावेत. मेमरी कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. जुने-नवे सेल एकत्र घालू नयेत. रात्रीसाठी ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फ्लॅश निवडावा. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात लालसर चमकतात आणि चोरालाही दिसतात. शेवटी कॅमेऱ्यासमोरून वाकून स्वतः चालून पाहावे. तुमचा फोटो आला नाही, तर बिबट्याचाही येणार नाही.

फोटो आला नाही तर?

देशातील २०१८च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो मिळाले. त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. म्हणजे हजारात वाघाचे दोन-तीन आणि बिबट्याचे एक-दोन! रिकामी फ्रेम हाच इथला नियम. दुसरीकडे, अकोले परिसरातील शेतशिवारात कॅमेरे लावून झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तिथे जंगल जवळपास नव्हतेच.

त्यामुळे कॅमेरा राखण करतो, हा समज सोडायला हवा. तो फक्त कोण, कुठून आणि केव्हा गेले ते सांगतो. रात्री एकट्याने बाहेर न पडणे, हातात विजेरी, मुलांवर लक्ष, जनावरांना बंदिस्त गोठा याला पर्याय नाही.

कायदा आणि खासगीपणाचे काय?

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. स्वतःच्या शेतात कॅमेरा लावणे वेगळे. वनजमीन किंवा अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय लावू नये. फोटोसाठी कोंबडी-बकरी बांधणे तर बिबट्याला घराची वाट दाखवणेच.

कमी बोलला जाणारा मुद्दा माणसांचा. पाणंदीवरचा कॅमेरा सरपण आणणाऱ्या, उघड्यावर जाणाऱ्या बायकांचेही फोटो काढतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळ हा प्रश्न अधिक गंभीर. कॉर्बेट परिसरात महिलांवर अशा कॅमेऱ्यांमुळे पाळत राहत असल्याचे केम्ब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले आहे. म्हणून कॅमेरा कुठे आहे हे गावाला आणि टोळीला आधी सांगावे, कार्ड कोण पाहणार ते ठरवावे आणि माणसांचे फोटो लगेच पुसावेत. यासाठी ग्रामपंचायत व वन विभागाने मिळून लेखी नियम करायला हवेत.

बिबट्याचा फोटो मिळालाच, तर पहिला फॉरवर्ड गावच्या ग्रुपवर नको. वनरक्षकाला द्या किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. तारीख, वेळ आणि जागेसह दिलेला एक खरा फोटो पुढच्या गस्तीची दिशा ठरवू शकतो. तोच ग्रुपवर फिरला की शेजारच्या तीन गावांत तीन बिबटे तयार होतात.