माळ्यावरचे कागद

घर विकायचे ठरले की घरातल्या कागदांच्या दोन जाती होतात. आमचे वडिलोपार्जित घर विकताना मिळकतपत्रिका, वारसनोंद, घरपट्टीच्या पावत्या आणि आत्यांची हक्कसोडपत्रे (ती त्यांनी कोणत्या मनाने दिली, हे कुणी विचारले नाही) जपून फाईलीत लावली गेली. माळ्यावरच्या ट्रंकेतली पत्रे आणि वह्या मात्र रद्दीवाल्याच्या काट्यावर गेल्या. घर मोकळे दिसले की गिऱ्हाईक लवकर ठरते, असे मध्यस्थाचे म्हणणे होते. ते खोटेही नव्हते.

इतिहासाचार्य राजवाडे ज्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले, तीही अशीच घरोघर पडून होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे खंडांची संख्या २२ झाली. पण दप्तरे टिकली त्यामागे इतिहासप्रेम क्वचितच असे. इनाम-वतनाचा पुरावा म्हणून ती बासनात राहिली. ज्या कागदाने हक्क शाबीत होत नाही तो टिकत नाही, आणि घरातल्या बायकांचे लिहिणे बहुधा याच जातीचे. स्त्रियांच्या ओव्या गोळा करायला विद्यार्थ्यांना खेड्यांत धाडणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनी तरी भिंतींना रंग देण्याआधी स्वतःचा माळा वाचायला हवा होता.

पणजीची एक वही आम्ही ऐनवेळी काट्यावरून उचलली. गाणी बाळबोधीत आहेत, मध्येच काही पाने मोडीत. मोडी आमच्यापैकी कोणालाच येत नाही.