घर पाहावं बांधून : एकाच आवारात लहान-मोठी घरं

एकत्र कुटुंबाचा हिशेब आपल्यापैकी पुष्कळजणींनी सांभाळला आहे. थोरल्या दिरांचा पगार मोठा, त्यांनी घरखर्चाला जास्त द्यायचं. धाकट्याची नोकरी नवी, त्याने जमेल तेवढं. पानात मात्र सगळ्यांच्या वरण तेच. (हे नेहमी सुरळीत चालायचं असं नाही, ते मी तुम्हांला काय सांगावं!) हाच हिशेब सरकारला घरांच्या बाबतीत मांडता येतो. तो कुठे जमला आणि कुठे फिसकटला ते आज पाहू. नाशिकच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे, त्याचं उत्तरही त्यातच मिळेल.

इंदूर तर कितीतरी मराठी घरांचं माहेर नाहीतर सासर. तिथे शहराच्या उत्तरेला, आग्रा-मुंबई रस्त्यालगत 'अरण्य' नावाची वसाहत आहे. इंदूर विकास प्राधिकरणाने १९८०च्या दशकात ती उभारली. आराखडा बाळकृष्ण दोशी यांचा. दोशी जन्माने पुण्याचे, कामाने अहमदाबादचे. २०१८ साली त्यांना वास्तुकलेचं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं, ते मिळवणारे पहिले भारतीय; २०२३ साली ते वारले.

अरण्यची जागा सुमारे ८५ हेक्टर आणि भूखंड साडेसहा हजारांच्या आसपास. त्यांतले ६५ टक्के सर्वांत गरीब कुटुंबांसाठी, म्हणजे साधारण ३५ चौरस मीटरचे. आता तुम्ही म्हणाल, गरिबांची वसाहत म्हणजे गावाबाहेर एका टोकाला, जिथे बस नाही की रस्त्यावर दिवा नाही. इथे तसं केलं नाही. मोठ्या रस्त्यालगतचे आणि वसाहतीच्या कडेचे मोठे भूखंड ऐपतदारांना चढ्या भावाने विकले, त्याच्या आत मध्यमवर्गाचे, आणि प्रत्येक भागाच्या मधोमध गरिबांची घरं. वरच्या भावातून जो पैसा सुटला तो खालच्या भूखंडांची किंमत उतरवायला कामी आला. म्हणजे श्रीमंत शेजारी हा इथे उपकार म्हणून आलेला नव्हता, तोच या हिशेबाचा कणा होता.

आणि गरिबाला मिळालं काय? रिकामी जमीन नव्हे. जोतं, संडास-मोरी, पाण्याची सोय आणि एक खोली. पुढचं ज्याने त्याने आपल्या बेताने बांधायचं. पहिल्या दिवसापासून संडास आणि पाणी स्वतःच्या दारात, याचं मोल काय ते हंडा घेऊन रांगेत उभी राहिलेली बाईच सांगेल. दोशींनी ८० घरं नमुन्यादाखल बांधूनही दाखवली. कुठे पुढे ओटा, कुठे सज्जा, कुठे बाहेरून जिना. बाहेरचा जिना ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. मुलाचं लग्न झालं की वरची खोली चढवावी, नाहीतर बिऱ्हाडकरू ठेवावा. आपल्या स्वयंपाकघरातून कुणाला ये-जा करावी लागत नाही. आज तिथली कित्येक घरं दोन-तीन मजली झाली आहेत. नमुन्याची घरं तर ओळखू येत नाहीत, इतकी बदलली. त्यात वाईट काही नाही, ती वाढावीत म्हणूनच बांधली होती. १९९५ साली या वसाहतीला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, तोही वेगवेगळ्या ऐपतीची कुटुंबं एकत्र नांदवण्याच्या प्रयत्नाचं कौतुक करून.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला. बेलापूरला सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६च्या सुमारास सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत आखली. लोक तिला 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणतात. सात-सात घरांमध्ये एक अंगण, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांचे भूखंड जवळजवळ सारख्याच मापाचे. कल्पना किती गोड! पण नवी मुंबई वाढली, जागेचे भाव चढले, आणि लहान कौलारू घरं पाडून तिथे बंगले उठले. चांगला भाव आला तर कोण विकणार नाही? मुलीचं लग्न असतं, आजारपण असतं. त्या कुटुंबाला मी दोष देणार नाही. पण एकदा विकलं की स्वस्त घर स्वस्त राहत नाही, पुढच्या गरजू कुटुंबाला ते मिळत नाही.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने म्हणूनच दुसरी वाट धरली. तिथल्या नगरपालिकेने १९२३ साली खास घरपट्टी बसवून बांधकाम सुरू केलं, आणि आज तिच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत. ती विकत नाहीत, भाड्याने देतात. उत्पन्नाची मर्यादा इतकी वर ठेवली आहे की मास्तर, बँकेतला कारकून आणि ट्राम चालवणारा एका जिन्यात राहतात. पगार वाढला म्हणून कुणाला घराबाहेर काढत नाहीत.

आता नाशिकचं पत्र. या भगिनींच्या यजमानांना म्हाडाच्या सोडतीत घर लागलं आहे, '२० टक्के' योजनेतलं. ज्यांना ही योजना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दहा लाखांवर वस्ती असलेल्या महापालिकांच्या हद्दीत ४००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करायचं तर त्यातला २० टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांना द्यावा लागतो; २०१३ पासूनचा हा नियम आहे. या बाईंना आनंद झालाच, पण त्या लिहितात, "सासूबाई म्हणतात, मोठ्या लोकांच्या शेजारात आपली पोरं बावरतील. शिवाय आवारात पोहण्याचा तलाव आहे. त्याचा खर्च आम्ही कुठून द्यायचा?"

सासूबाईंना सांगा, पोरं बावरतील ती आठवडाभर. चेंडू एक असला की पोरांना कुणाच्या वडिलांचा पगार आठवत नाही. भीती आहे ती दुसऱ्या प्रश्नाची, आणि तुम्ही तो बरोबर विचारला आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे रखवालदार, झाडलोट, जिन्यातले दिवे, यांचा सेवाखर्च प्रत्येक घराला सारखा लागतो, घर लहान असो की मोठं. लिफ्टचंही तेच, तळमजल्यावर राहिलात तरी. दुरुस्ती निधी मात्र बांधकाम खर्चाच्या प्रमाणात आणि पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, तिथे लहान घराला थोडा दिलासा आहे. म्हणजे घराची किंमत कमी असली तरी दरमहाचा आकडा कमी असेलच असं नाही. हप्ता आणि हा खर्च मिळून पगाराचा किती भाग जातो, तो आकडा आजच कागदावर मांडा. माझ्या मते घर लागल्याच्या पेढ्यांआधी हे काम करावं.

ताबा घेण्यापूर्वी बिल्डरच्या कचेरीत जाऊन विचारा, लहान घरांची इमारत वेगळी आहे का, आणि तिची संस्था वेगळी होणार की सगळ्यांची एकच? वेगळी असेल तर खर्च आटोक्यात राहील, पण मग आतला रस्ता, बाग आणि पाण्याची टाकी वापरण्याचा हक्क करारनाम्यात लिहिलेला पाहिजे. नाहीतर एक दिवस मधे भिंत उभी राहायची. संस्था एकच असेल तर तलावाचा आणि क्लबचा खर्च वेगळा काढून वापरणाऱ्यांकडूनच घ्यावा, असा अर्ज तुमच्यासारख्या सगळ्या कुटुंबांनी मिळून पहिल्याच सर्वसाधारण सभेपुढे द्या. एकटीने उठून बोलायचं धाडस होत नाही, दहाजणींची सही असली की होतं. त्या दहाजणी शोधायला ताब्यापर्यंत थांबू नका. सोडतीची यादी जाहीर असते.

करारनाम्यावर यजमानांच्या जोडीला तुमचंही नाव घाला, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या अंकी : पावसाळ्यापूर्वी गच्चीची डागडुजी, आणि गळक्या मोरीवर घरगुती उपाय.