तपासायचे पैसे

या वेळचा विषय जरा ग्रीसने माखलेला आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस जीपच्या बेअरिंगवर लिहायला बसला म्हणून घरात आधीच हसू झालंय. हसू द्या. मला म्हणायचंय ते एवढंच, की आपण मिस्त्रीला सामान बदलण्याचे पैसे देतो, बिघाड शोधण्याचे देत नाही. मग नको ते सामान बदललं जातं.

पुतण्याकडे जुनी फोर-व्हील महिंद्रा जीप आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून शेतापर्यंत पोचणारं घरातलं ते एकच वाहन. परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहला जायचं तरी तीच, आणि मागे पाच-सहा माणसं बसलेली. मागच्या वर्षी चाळीसच्या वर वेग गेला की पुढून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. एका गॅरेजवाल्याने चाक न उचलता सांगून टाकलं, टायर गेले. दोन नवे टायर पडले. आवाज जिथल्या तिथे! उत्तरपत्रिका न वाचता गुण देणारे मास्तर मी पाहिले आहेत, त्यातलाच हा प्रकार.

मग जीप आमच्या राजापेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आली. त्याने पाना हातात घेतलाच नाही, आधी शेजारी बसून चक्कर मारली. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन मंदावलं तरी आवाज सुरूच, म्हणजे तो इंजिनचा नव्हे, चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी. डांबर सोडून सिमेंटचा रस्ता लागला तरी आवाजाचा सूर बदलला नाही. टायरचा असता तर बदलला असता. मग हलकेच डावीकडे वळवली. आवाज वाढला. उजवीकडे वळवली, कमी झाला. डाव्या वळणावर भार उजव्या चाकावर येतो, तेव्हा उजवीकडचं बेअरिंग. "गुरुजी, टायर काहून बदलले? आवाज तं आतून येऊन राह्यला," असं म्हणून मग त्याने जॅक लावला.

चाक वरून आणि खालून धरून हलवलं तर खटखट लागत होतं. तरी तेवढ्यावर त्याने निकाल दिला नाही. पुतण्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. खटखट थांबली. ब्रेक दाबूनही हालचाल राहिली असती तर दोष किंगपिनचा. मला हे फार आवडलं. दोन कारणं सारखीच दिसत असताना एकाला वगळायची युक्ती, आणि तीही फुकटची!

फोर-व्हीलच्या पुढच्या चाकात इंजिनचा जोर नेणारा दांडा हबमधूनच जातो. म्हणून आधी तो जोड सोडवायचा, मग हब निघतो. आत ग्रीस कसलं, दुधाळ चहा होता. नाल्यातून गाडी घालताना तापलेला हब एकदम थंड होतो आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेतो. रोलरवर गंजाचे खड्डे पडले होते, एके ठिकाणी निळसर झाक, म्हणजे तापलंही होतं. असंच चालवत राहिलो असतो तर घाटात चाक जाम झालं असतं किंवा निखळलं असतं.

ही निमुळत्या रोलरची बेअरिंगं. अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने त्यांचं पेटंट १८९८ साली घेतलं. वजन आणि वळणावरचा आडवा रेटा दोन्ही ती पेलतात, पण त्यांना ताण नेमका लागतो. मिस्त्रीने आतलं-बाहेरचं दोन्ही बदललं, हबात बसलेले कपही ठोकून काढले. जुन्या कपात नवं बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात. सील अर्थातच नवं. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटीत दाबून भरलं. चाक फिरवत फिरवत नट आवळला, जड झाल्यावर षटकोनी नटाची एक बाजू मागे घेतला, आणि लॉक वॉशर घालून दुसरा नट.

बिलात सामान आणि मजुरी. तपासणीचं काहीच नाही. मी विचारलं तर म्हणतो, "हात लावून पाह्याचे कायचे पैसे जी?"

डॉक्टरची फी आपण गोळ्या घेण्याआधी देतो. मिस्त्रीने मात्र अर्धा तास शोधून "काही बिघाड नाही" असं सांगितलं तर त्याच्या हातात काय पडतं? चहा. मग त्याने काहीतरी विकावं हेच आपण त्याला शिकवतो. कुणी म्हणेल, उगाच तपासणीचे पैसे उकळणारेही निघतील. निघतील. पण दोन टायरच्या किमतीपुढे ती फी किती? पुतण्याला मी ती वेगळी द्यायला लावली. मिस्त्री संकोचला, दोनदा नाही म्हणाला, मग घेतली. आणि बजावलं, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून हबला हात लावा, चटका बसला तर नट फार आवळला समजायचं, लगेच घेऊन या. बडनेऱ्याला दोनदा जाऊन आल्यावर आम्ही हात लावून पाहिला. कोमट होता.