कंपनीची गाडी सहाला येते



आज कपाशीची दुसरी वेचणी. सात बाया ठरल्या होत्या, आल्या चार. बाकी तिघी सकाळी सहाच्या गाडीत बसून बिडकीनच्या बाजूला कंपनीत गेल्या. राग नाही आला. मी किलोमागे दहा रुपये देतो, तेही दिवसभर उन्हात. तिकडे डोक्यावर पत्रा आहे आणि महिन्याला पैसे खात्यावर जमा. त्यांच्या जागी असतो तर मी पण गेलो असतो.

म्हणून आधीच सांगतो, कंपन्या येऊ नयेत असं म्हणणाऱ्यातला मी नाही. दोन पोरं आणि चार एकर. दोघांनी शेतीच करावी हे गणित बसत नाही.

पण कंपनी आणायची आपली पद्धत बघा. २०२२ ला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येता येता गुजरातला गेला. आकडा दीड लाख कोटींचा. केवढा गदारोळ झाला! पारावर सुद्धा भांडणं. आणि वर्षाच्या आत, जुलै २०२३ ला, फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. म्हणजे जे ना इकडे झालं ना तिकडे, त्याच्यासाठी आपण एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. करार म्हणजे कारखाना नाही. टोकन दिलं म्हणजे खरेदीखत झालं का? हे आपल्याला जमिनीच्या व्यवहारात बरोबर कळतं, दावोसचे आकडे टीव्हीवर आले की मात्र विसरतो.

आता खरी आलेली कंपनी. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्या एका गेटमागे सुटे भाग करणारी किती शेडं उभी राहिली! माझा चुलतभाऊ अशाच एका शेडमध्ये लेथ शिकला, आज त्याची स्वतःची दोन मशीनं आहेत. आपल्या भागाला कारखान्याने जे दिलं ते मला या शेडांतच जास्त दिसतं. नवी कंपनी जागा बघायला येते तेव्हा ती पण हेच बघते. हाताखाली कारागीर आहेत का, जवळ पार्ट मिळतो का. जुलै २०२४ ला टोयोटा-किर्लोस्करने संभाजीनगरसाठी करार केला, त्यात या जुन्या शेडांचा वाटा नसेल असं मला वाटत नाही. नुसत्या सवलतीवर आलेला पाहुणा दुसऱ्याने जास्त वाढलं की तिकडे जाऊन बसतो.

सवलती देणं नवीन नाही, १९६४ पासून आपल्याकडे ही योजना आहे. मागास तालुक्यात कारखाना काढला की भरलेल्या राज्य जीएसटीतून परतावा, वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ. द्या की, पैसा आपल्या सगळ्यांचा आहे, पण बदल्यात काय लिहून घेता? ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना असा नियम आहे. पण त्यातला 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहणारा. ज्याची जमीन गेली तो बिडकीनचा पोरगा आणि कोल्हापूरचा पोरगा, कागदावर दोघं सारखेच. माझा पुतण्या आयटीआय फिटर. ठेकेदाराकडून लागला, सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. तीन वर्षं झाली, गेट तेच, कार्ड बदलतं.

माझं म्हणणं एवढंच, परतावा हजेरीपटावर द्या. ज्या गावांची जमीन घेतली तिथले किती जण कंपनीच्या स्वतःच्या पटावर कायम आहेत ते मोजा, आणि आसपासच्या छोट्या शेडांकडून किती माल घेतला ते मोजा. जास्त असेल तर जास्त परतावा. आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

पाण्याचं पण बोललं पाहिजे. शेंद्रा-बिडकीन मिळून दहा हजार एकर, पाणी जायकवाडीचं. २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योगाचा नंबर होता आणि मग शेतीचा. २०११ ला तो क्रम फिरवून शेती वर आणली. चांगलं झालं. पण धरण तळाला गेलेल्या साली कालवा आधी बंद होतो, हे मी पाहिलंय. कंपनीला पाण्याची लेखी हमी देताना, दुष्काळात कोण किती सोडणार ते पण त्याच कागदावर येऊ द्या. सांडपाणी शुद्ध करून परत वापरा, प्यायचं पाणी मशीन धुवायला कशाला?

आणि एक, जाता जाता. कापूस मी पिकवतो, गाठी परराज्यात जातात आणि धागा तिकडे होतो. मोसंबी व्यापाऱ्याच्या गाडीत बसून निघून जाते. बाहेरच्याला बोलवायला आपण विमानाने जातो. गावातल्या चार पोरांनी रस काढायचं छोटं युनिट टाकायचं ठरवलं होतं, विजेच्या जोडणीसाठी वर्षभर चकरा मारल्या आणि नाद सोडला. त्यांना कोणी पायघड्या घालत नाही.

असो. चार बायांत अर्धंच रान झालं, उरलेलं परवा. या आठवड्यात आमच्या फिडरला वीज रात्रीची आहे, मोटर चालू करायला बारा वाजता उठायचंय. तुमच्याकडे कंपनी आली असेल तर कमेंटमध्ये सांगा: गावातले किती कायम लागले? ठेकेदाराचे धरू नका.