‘डेफिनिटली’ आणि ‘बहुधा’

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे हे मूळचे आगऱ्यांचे गाव. औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, कारखाने उभे राहिले आणि पुढे त्यांच्या शेजारी संगणक-कंपन्यांची काचेची दालने आली. या दालनांत नोकरी मागणाऱ्यास बहुधा ‘गटचर्चे’तून जावे लागते आणि ही चर्चा इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेला तरुण तेथे एक तर प्रत्येक विधानास ‘डेफिनिटली’ जोडतो, नाही तर गप्प बसतो. पहिला उद्धट ठरतो, दुसरा अक्षम. परत दोघेही जातात.

हा स्वभावदोष नव्हे. हाच तरुण घरी ‘पाऊस पडला’, ‘पडला असावा’, ‘पडला म्हणे’ असे म्हणताना पुराव्याच्या तीन पायऱ्या बिनचूक दाखवितो. ‘म्हणे’ या दोन अक्षरांत ऐकीव गोष्टीची जबाबदारी दूर ठेवण्याची केवढी सोय आहे! इंग्रजीतील ‘मे’ आणि ‘माइट’ मात्र त्याला रिकाम्या जागा भरण्यापुरतेच भेटलेले असतात.

केन हायलंड व जॉन मिल्टन यांनी १९९७ साली हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनाची ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या लेखनाशी तुलना केली. हाँगकाँगची मुले मोजकीच साधने वापरीत आणि विधाने अधिक ठामपणे करीत, असे त्यांना आढळले. तेथे निदान हाती कागद होता. वादविवादात तेवढीही उसंत नसते. आपल्या वक्तृत्व स्पर्धांनीही यात भरच घातली आहे. टाळी ठाम वाक्याला पडते. ‘पुरावा अपुरा आहे’ असे म्हणणाऱ्यास ढाल क्वचितच मिळते. (पक्षाच्या अभ्यासवर्गांतही चित्र फारसे निराळे नसते.)

प्रश्न केवळ निवडीचा नाही. नेमणूकपत्रात ‘मे बी मेड परमनन्ट’ असे लिहिलेले असते, तेव्हा मालकाने काहीच कबूल केलेले नसते. ‘मे’ आणि ‘शॅल’ यांतील अंतर न कळणारा कामगार त्यालाच वचन समजून वर्षे काढतो. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पाच जणांनी प्राण दिले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के जमिनीचे तत्त्व पुढे आले, आणि तो लढा लोक आपल्याच बोलीत लढले. त्यांच्या नातवंडांपुढील कागद परभाषेत आहे.

२००० साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्याने शब्दसंग्रह वाढला असेल. वाद घालण्याची भाषा त्यातून आली नाही. तेव्हा जे काम मराठीत चालते, त्याची निवडही मराठीत व्हावी, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरावी. त्याचबरोबर कार्यकर्त्यांनी गावोगावी संध्याकाळचे वर्ग काढावेत. कंत्राटी कामासारखा विषय घेऊन वाद आधी मराठीत घालावा. प्रत्येक विधान पाहिलेले, ऐकलेले की अंदाजाचे, हे वक्त्याकडून वदवून घ्यावे. आणि मग तोच वाद, त्याच पायऱ्या सांभाळून, इंग्रजीत घालावा. त्यासाठी शाळेची एक खोली आणि एखादे खरे नेमणूकपत्र पुरेसे आहे.